‘घरी जा’ असं सांगणारा युद्धाचा कायदा

प्राचीन इस्रायलच्या धर्मशास्त्रात प्रत्येक पुरुषाला लढाईवर जाणं सक्तीचं होतं आणि घाबरणाऱ्याला शिक्षा होती, असा एक मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. ज्या ग्रंथाचा दाखला दिला जातो तो, म्हणजे मराठी बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, नेमकं उलट सांगतो.

२०वा अध्याय उघडून पाहा. लढाईआधी याजक म्हणजे पुरोहित सैन्याला धीर देतो. मग अंमलदार विचारतात: नवं घर बांधून त्याचं अर्पण राहिलंय? द्राक्षमळा लावला, पण त्याचं फळ अजून चाखलं नाही? वाङ्‌निश्चय झाला, लग्न व्हायचंय? तर घरी जा. शेवटी भित्र्यालाही परत पाठवतात, त्याच्यामुळे भावांचं काळीज खचू नये म्हणून. शिक्षेचा उल्लेखही नाही. नवविवाहिताला तर २४व्या अध्यायानुसार वर्षभर सूट आहे.

इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, या भीतीवरच वाद आहे. रब्बी (यहुदी धर्मगुरू) अकिवा म्हणतात, भीती म्हणजे तलवारीचीच भीती. रब्बी योसे गलीली म्हणतात, स्वतःच्या पापांची. आणि बाकीच्या सवलती अशासाठी, की त्यांच्या आडून पापाला भिणाऱ्याला निमूट परतता यावं. माणसाची लाज राखणारं हे वाचन मला फार मोलाचं वाटतं.

मात्र त्याच मिश्नानुसार आज्ञेच्या, म्हणजे धर्माने बंधनकारक ठरवलेल्या युद्धात नवरदेवालाही निघावं लागे. आणि त्याच २०व्या अध्यायात कनानी नगरांतलं (इस्रायलला मिळणार असलेल्या देशातल्या लोकांच्या नगरांतलं) काहीही जिवंत ठेवू नका, अशी कठोर आज्ञाही आहे. ती लपवून हा खुलासा पुरा होणार नाही.