सरक जरा

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. पोडियम गार्डनमधले, म्हणजे पार्किंगच्या वरच्या बागेतले, बाक फक्त रहिवाशांसाठी आहेत. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले तिथे बसलेले दिसले तर वॉचमनला कळवा. खाली हात जोडलेला इमोजी. हाकलायचं, पण नमस्कार करून!

माझी पोळी करपली तव्यावर.

आमच्या मावशी सकाळी सहाला घर सोडतात. आमचं काम साडेआठला उरकतं, अकराव्या मजल्यावरचं साडेदहाला सुरू होतं. मधले दोन तास त्या खाली चाफ्याजवळच्या बाकावर बसतात. डबा खातात, लेकीला फोन करतात. त्या बाकावर सोसायटीतलं दुसरं कुणी बसलेलं मी सहा वर्षांत पाहिलेलं नाही. आपण सगळे एसीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, सात माणसं. १९८२च्या संपात बाबांची गिरणी गेली, मग तेही दिवसभर घरात. आजी खोकायची, धाकट्याला रेडिओ हवा असायचा. अशा घरात दहावीचा अभ्यास कुठे करणार? आमच्याकडे सगळ्यांचं उत्तर एकच. अभ्यासगल्ली. कागदोपत्री सुदाम काळू अहिरे मार्ग, पण ते नाव पोस्टमनशिवाय कुणी घेत नसेल. रात्री जेवून सतरंजी, पुस्तकं घ्यायची आणि दिव्याखाली जागा धरायची. चाळींमधली कितीतरी पोरं तिथे शिकून साहेब झाली.

मुलगी म्हणून मला एकटीला सोडत नसत. दादा सोबत यायचा आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचा. बीजगणिताच्या आदल्या रात्री आम्हाला उशीर झाला. सगळे दिवे भरलेले. मी पुस्तक छातीशी धरून उभी, रडायच्या बेतात. तेव्हा एका दिव्याखालचा, फौजदाराच्या परीक्षेला बसलेला मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "ए, सरक जरा. पोरीला उजेड येऊ दे."

आणि दोघं सरकले. बस, एवढंच.

पण बघा, त्याने माझं नाव विचारलं नाही. आपल्याकडे नाव विचारलं की पुढचा प्रश्न आडनावाचा असतो आणि त्याच्या पुढचा कसला असतो ते सांगायला नको. त्याने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. आज तो समोर आला तरी ओळखणार नाही मी. रस्ता महापालिकेचा, दिवा महापालिकेचा, ना त्याच्या बापाचा ना माझ्या. म्हणून तर त्याला सरकावं लागलं. खरं तर लागलंही नाही, सरकला तो.

हो, चाळीचे गोडवे गाऊ नकोस म्हणाल. नाही गात. मजल्यावर वीस खोल्या आणि सकाळी संडासाची रांग, ती मी काढलेली आहे. आता पुनर्विकासात तिथल्यांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत, मला आनंदच आहे. चाळींमधलं जांबोरी मैदान तेवढं राहू दे म्हणजे झालं.

कारण घर लहान असलं तर बाकीचं घर बाहेर असतं हो. आम्हाला हॉल नव्हता, वरळी सी फेस होता. पाहुण्यांची खोली नव्हती, शिवाजी पार्क होतं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गावाहून माणसं यायची, ती आमच्या खोलीत कुठे मावणार? पार्कातच मुक्काम. आई डबे भरून वरळीहून दादरला न्यायची. शंभर वर्षं झाली त्या मैदानाला. सुरुवातीला नाव माहीम पार्क होतं, १९२७मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने शिवाजी पार्क झालं. कट्ट्यावर निवृत्त न्यायाधीश बसतो आणि त्याच्या शेजारी कणीस खाणारा हमाल, कुणी कुणाला फ्लॅट नंबर विचारत नाही. आणि तरी दर डिसेंबरला कुणीतरी नाक मुरडतंच, घाण होते म्हणून. दसऱ्याला, सभांना नाही होत वाटतं?

मेंटेनन्स आपण भरतो, मान्य. मध्यंतरी चपला चोरीला गेल्या, तेही मान्य. पुढे?

मुंबईत माणशी मोकळी जागा म्हणे सव्वा चौरस मीटर. सतरंजीसुद्धा धड पसरत नाही. आणि ज्या बागा आहेत त्यातल्या बऱ्याच बागांना दुपारी कुलूप, नेमकं ज्या वेळी उन्हात हिंडणाऱ्याला सावली हवी तेव्हा. तो कुठे जाणार? आपल्या बाकावर येणार. तिथून आपण उठवणार.

मघाशी चहा घेऊन खाली गेले. मावशी पार्किंगमध्ये, गाडीच्या मागे, जमिनीवर बसल्या होत्या. मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला होता, वॉचमनने सांगितलेलं. मी म्हटलं, चला वर, माझ्यासोबत बसा, बघू कोण बोलतं. म्हणाल्या, "नको ताई. तुम्ही असेपर्यंत ठीक. उद्या?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या जराशा सरकल्या. मला बसायला जागा करून दिली, पदराने फरशी पुसून. मी बसले. दोघी चहा प्यायलो. काही बोललो नाही.

वर येऊन रागारागाने ग्रुपवर लिहायला घेतलं. चार वेळा खोडलं, म्हणून इथे लिहितेय. तिकडे त्या मेसेजला आतापर्यंत सतरा अंगठे आलेत. यादी उघडून पाहिली.

त्यातला एक आमच्याच घरातला आहे. संध्याकाळी येऊ दे त्यांना घरी.