दोन बायकांचं कलम

भाच्याच्या लग्नाची पहिली सही परवा झाली. गोव्याबाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते, आमच्याकडे मांडव नंतर, आधी सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत दोन सह्या. पहिली सही म्हणजे इरादा जाहीर करणं. मग हरकती येतात का म्हणून काही दिवस थांबायचं आणि दुसऱ्या सहीने लग्न पक्कं. तर तिथे बाकावर नंबराची वाट बघत बसलो असताना आमच्या एका काकांनी सुरुवात केली, "उत्तराखंडला समान नागरी कायदा आणायला २०२५ उजाडावं लागलं. आमच्याकडे पोर्तुगिजांच्या काळापासून आहे. गोव्यात कुणालाच दोन बायका करता येत नाहीत, मुसलमानालासुद्धा नाही."

मुसलमानांपुरतं काकांचं बरोबर आहे. १९३७चा शरियत कायदा गोव्याला कधी लागूच झाला नाही. ज्यांचं लग्न गोव्यात नोंदलं गेलंय त्या मुसलमान पुरुषाला दुसरी बायको करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या एका निकालात नमूद केलंय आणि गोव्याची पाठही थोपटलीय.

घोडं अडतं ते "कुणालाच" या शब्दावर.

१६ डिसेंबर १८८०ला पोर्तुगिजांनी गोव्यातल्या हिंदूंच्या रूढी-चालीरीतींची वेगळी संहिता काढली. तिचं तिसरं कलम सुरुवातीला शहाण्यासारखं बोलतं: एक बायको असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाला कायदेशीर अर्थ नाही. पुढे "अपवाद" येतात. पंचवीस वर्षांची होईपर्यंत बायकोला मूलच झालं नाही, तर चालेल. तिने तिशी गाठली आणि मुलगा नाही, तर चालेल. तिशीच्या आतली असेल तर शेवटच्या गरोदरपणानंतर दहा वर्षं थांबा, मग चालेल. मुलगा नाही म्हणून! मुली पाच असतील तरी त्या मोजायच्या नाहीत. आणि दोष नवऱ्यात असला तर बायकोने काय करावं, याबद्दल या अपवादांत अवाक्षर नाही.

१९१०च्या विवाह कायद्यानंतर हे कलम मेलंच आहे, असं वकील मंडळी सांगतात. असेल. पण मेलेल्याला कुणी अजून स्मशानापर्यंत नेलेलं नाही. १९६१ला गोवा मुक्त झाला, पुढल्या वर्षीच्या कायद्याने पोर्तुगीज काळातले कायदे तसेच चालू ठेवले, त्यात हेही आलं. १९५५चा हिंदू विवाह कायदा मात्र इथे आलाच नाही.

माझ्या पणजोबांच्या दोन बायका होत्या. थोरलीला मूल नव्हतं. तिला सगळं घर "व्हडली आई" म्हणायचं. धाकटीची चारही मुलं तिनेच वाढवली, कुळागरातली सुपारी तीच मोजून घ्यायची, दोघींचं कधी भांडण झालं नाही म्हणतात. "दोन बायका, फजिती ऐका" ही म्हण आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. आजीला मी एकदा विचारलं, व्हडल्या आईला वाईट नसेल का वाटलं? आजी म्हणाली, "तिणेंच सोयरीक हाडली न्हय!"

वर्षानुवर्षं मला हे उत्तर छान वाटायचं. आता वाटत नाही. माहेरी परत जायची सोय नाही, हातात पैसा नाही, देवळात गेलं की बायका ओटी दुसरीची भरतात. अशा बाईने स्वतः सोयरीक आणली नसती तर दुसरं काय केलं असतं? निदान येणारी ओळखीतली असावी, एवढंच तिच्या हातात होतं.

म्हणून "तिघांचीही संमती असेल तर तुमच्या पोटात का दुखतं" असं कुणी विचारलं की मी गडबडते, हे कबूल करते. कारण तीन सज्ञान, कमावती माणसं समजून-उमजून एकत्र राहत असतील तर ते अनैतिक कसं, हे मला सांगता येत नाही. २०२५च्या जुलैत हिमाचलच्या सिरमौरमध्ये दोन भावांनी एकाच मुलीशी राजरोस लग्न केलं. तिथल्या हाटी समाजात ही जुनी चाल आहे, आणि त्यामागचं मोठं कारण जमिनीची वाटणी होऊ नये हे. आमच्याकडे वारसासाठी दोन बायका, तिकडे जमिनीसाठी दोन नवरे. दोन्हीकडे बाई मधे, हिशेब मालमत्तेचा.

आणि हा "त्यांचा" प्रश्न आहे असं समजणाऱ्यांसाठी: २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या मुसलमान बायका १.९ टक्के होत्या, हिंदू १.३ टक्के. एवढ्या फरकावर किती निवडणुका!

मला विचाराल तर गोव्याच्या कायद्याची खरी ताकद एकपत्नीत्वात नाहीच. ती आहे अर्ध्या वाट्यात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक. भाट, म्हणजे नारळाची बाग, विकायचं तर बायकोची सही लागते. त्या सहीसाठी आमच्या घरचे पुरुष बायकांच्या किती विनवण्या करतात ते मी पाहिलंय. व्हडल्या आईच्या सहीसाठी कुणी कधी तिच्या खोलीपर्यंत गेलं असेल, असं वाटत नाही.

हे सगळं मी काकांना तिथेच ऐकवलं. शेजारच्या बाकावरचं एक जोडपं, त्यांचीही पहिलीच सही असावी, कान देऊन ऐकत होतं. काका म्हणाले, "जे कलम कुणी वापरत नाही ते ठेवलं काय, काढलं काय?" मी म्हटलं, कुणी वापरत नाही तर काढायला विधानसभेला एक दुपार पुरेल की. तेवढ्यात आमचा नंबर आला.

दुसरी सही पुढच्या महिन्यात. काका येणार आहेत, मी चकल्या करून नेणार आहे.