भरल्या ताटावरची परीक्षा

मोहाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर अरण्य उभं राहतं. चाळीस दिवसांचा उपवास, भुकेलेला येशू आणि या धोंड्यांच्या भाकरी कर म्हणणारा सैतान. त्यामुळे परीक्षा ही उपाशीपोटी, एकटेपणी, अडचणीच्या दिवसांतच येते असं मनात पक्कं बसलेलं असतं. पण जोडून सुट्ट्या आल्यात, सगळी भावंडं, जावा, नणंदा, लेकरं एकाच घरात जमलीत, पोटं भरलेली आहेत, गप्पा रंगल्यात, तेव्हाचं काय? विश्वासणाऱ्याला सगळ्यात सावध राहायला हवं ते अशाच वेळी, असं माझं ठाम मत झालंय.

हे माझ्या मनचं नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडा. चाळीस वर्षांची वणवण संपत आलीय, देवाने द्यायचं वचन दिलेला देश समोर दिसतोय आणि इस्राएलांचा पुढारी मोशे लोकांशी बोलतोय. तुम्ही खाऊन तृप्त व्हाल तेव्हा परमेश्वराचा धन्यवाद करा, असं तो दहाव्या वचनात सांगतो. लगेच अकराव्या वचनात म्हणतो, सांभाळा, त्याला विसराल. अरण्यात देवाने रोज दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, वेचतानाचा धोका वेगळा होता. आता चांगली घरं होतील, गुरंढोरं वाढतील, सोनंरुपं साठेल आणि मन म्हणेल की हे सगळं मी माझ्या हिमतीवर मिळवलं. यहुदी लोक जेवणानंतर जी उपकारस्तुती करतात तिचा आधार हेच दहावं वचन आहे. आपण जेवायला बसताना डोळे मिटतो. जेवण झाल्यावर किती जण मिटतो?

मला सगळ्यात जास्त हलवून जातं ते पुढचं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशूने सैतानाला तीनदा उत्तर दिलं आणि तिन्ही उत्तरं अनुवादातल्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. म्हणजे पोट भरल्यावर देवाला विसरू नका हे ज्या शिकवणीत सांगितलंय, त्याच शिकवणीतली वचनं येशूने उपाशी असताना वापरली. त्याच्या आधी काय झालं होतं तेही बघा. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला आणि हा माझा प्रिय पुत्र आहे अशी वाणी आकाशातून झाली. सैतानाचा पहिला शब्द त्यावरच घाव घालतो: तू देवाचा पुत्र असशील तर. जे मिळालंय त्याबद्दलच संशय पेरायचा. एदेन बागेतही त्याने हेच केलं होतं. एक सोडून सगळ्या झाडांची फळं मोकळी होती, पण सर्पाने बोलणं सुरू केलं ते न मिळालेल्याबद्दल.

कुटुंब जमतं तेव्हा नेमकं हेच घडतं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण खाण्यापिण्याच्या अतिरेकावर बोलतो, दारूवर बोलतो, आणि ते बोलायलाच हवं. पण सुट्टी संपवून घरी परतताना मनात जे कडू उरतं ते बहुतेक वेळा खाण्यापिण्याचं नसतंच. भावाचं घर मोठं झालं. बहिणीच्या मुलाला चांगले मार्क पडले. आईबाबांनी त्यांचं कौतुक केलं आणि माझ्या कष्टांचा साधा उल्लेखही केला नाही. मग वाटणीचा जुना विषय निघतो. लूकाच्या बाराव्या अध्यायात एक जण गर्दीतून येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि सगळ्यांना लोभापासून जपायला सांगतो. त्या माणसाची तक्रार खरी होती की खोटी, ते शास्त्र सांगत नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण हक्काची गोष्ट मागतानाही मन लोभाच्या हाती जाऊ शकतं.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ याच जागी उभा आहे. सगळं उधळून परत आलेल्या धाकट्या भावासाठी घरात मेजवानी, गाणंबजावणं चाललंय आणि हा दाराबाहेर. मला तुम्ही कधी करडूही दिलं नाही, हे त्याचं म्हणणं. बाप स्वतः बाहेर येतो, समजावतो, म्हणतो की जे माझं ते सगळं तुझंच आहे. तो आत गेला का, हे येशूने सांगितलेलंच नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांची सुट्टी त्या दारातच जाते.

आता जरा अवघड बोलते. उपकारस्तुतीतही मोह लपलेला असतो. लूकाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, देवाचे आभारच मानत होता. मी इतर माणसांसारखा नाही म्हणून आभार. शब्द प्रार्थनेचे होते, पण नजर शेजारच्या जकातदारावर होती. सगळे जमलेले असताना आपण मोठ्याने साक्ष देतो: देवाने आम्हांला घर दिलं, बढती दिली, मुलांना मार्गी लावलं. त्याच खोलीत एखादा भाऊ नोकरी गेल्याचं अजून कोणाला सांगू शकलेला नसतो. एखादी बहीण बरीच वर्षं लेकरासाठी प्रार्थना करत असते. आपली साक्ष खोटी नसते, पण ती ऐकून त्यांना देव आपल्याकडेच पाहत नाही असं वाटलं, तर ती देवाच्या गौरवासाठी होती का, हे आपण स्वतःला विचारायला हवं. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच, तोही यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी लोकांतला, परत फिरला आणि येशूच्या पायांशी पालथा पडला. मला किती मिळालं हे सांगत तो गावभर फिरला असं लूक लिहीत नाही. ज्याने दिलं त्याच्याकडे तो गेला.

आणि ज्या घरात या वेळी एक माणूस कमी आहे, तिथे कृपा करून कोणाला आनंद कर, आभार मान असं बजावू नका. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला. त्याच कबरेपाशी त्याने डोळे वर करून बापाचे आभारही मानले. आभार मानायच्या आधी त्याने डोळे पुसले असतील की नसतील, योहान ते लिहीत नाही. रडणाऱ्याजवळ बसणं हीदेखील त्या दिवसाची उपकारस्तुती आहे, असं मी मनापासून मानते.

मग करायचं काय? येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 16व्या शतकात रोजच्या आत्मपरीक्षणाची एक रीत घालून दिली. तिच्यात पापांची उजळणी नंतर येते, आधी देवाच्या उपकारांसाठी आभार. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. रात्री सगळे झोपल्यावर आधी आज काय मिळालं ते आठवावं, नाव घेऊन, माणसागणिक. जिच्याबद्दल मनात सल आहे त्या व्यक्तीमुळे मिळालेलंही त्यात यावं. मग मी कुठे चुकले ते पाहावं. आभार मानून झाल्यावर आपली चूक पाहताना मन स्वतःची बाजू मांडायला एवढं धावत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहितो की परीक्षेबरोबर देव निभावून जाण्याचा उपायही करतो. त्याच अध्यायात थोडं आधी तो इस्राएलांच्या कुरकुरीची आठवण देतो, म्हणजे कुरकुरीच्या मोहातूनही वाट आहे. घरात ती बरेचदा अगदी साधी असते. बोलणं तिसऱ्याच्या उण्यादुण्यांकडे वळलं की उठावं आणि सकाळपासून स्वयंपाकघरात राबणारीच्या हातातली भांडी घ्यावीत. तिला बसायला सांगावं. ती नको म्हणेल, तरी घ्यावीत. आणि हे काम घरातल्या पुरुषांनीही करावं, कारण तृप्त होऊन उठलेल्यांत तेही असतात.