अमेरिकेतून फोन मागवू नका

मोबाइल फोनच्या बाबतीत अमेरिकेतल्या ग्राहकापुढे सांगलीतल्या ग्राहकापेक्षा कमी पर्याय आहेत. हे मी सासरी सांगितलं तरी कुणाला पटत नाही आणि माहेरी सांगितलं तरी नाही. धाकटा दीर अजून म्हणतो, "वहिनी, येताना तिकडचा एखादा भारी फोन घेऊन या." एकेकाळी ते बरोबर होतं. आमच्या बॅगांमध्ये चॉकलेटं, परफ्युम आणि कुणाकुणाचे फोन असायचेच. आता परिस्थिती उलटी झाली आहे, आणि का झाली हे नीट सांगावं म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे. वेळ असेल तर वाचा.

मी न्यू जर्सीत राहते. इथे बहुतेक माणसं फोन घ्यायला मोबाइल कंपनीच्याच दुकानात जातात. व्हेरायझन, एटी अँड टी, टी-मोबाइल. २०२० साली टी-मोबाइलने स्प्रिंट गिळली आणि चाराच्या तीन कंपन्या झाल्या. दुकानात भिंतीभर आयफोन, मग सॅमसंग, थोडे गूगल पिक्सेल, कोपऱ्यात मोटोरोला. संपलं. वनप्लस हवा असेल तर बहुतेक वेळा ऑनलाइन मागवायचा. आता सांगलीतल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या मोबाइल शॉपीत जा. विवो, ओप्पो, रेडमी, पोको, रिअलमी, आयक्यू, वनप्लस, सॅमसंग, मोटो, नथिंग, टेक्नो, इन्फिनिक्स, लावा आणि आयफोनही. शाओमी आणि विवो या जगातल्या सर्वात मोठ्या फोन कंपन्यांपैकी, पण अमेरिकेतल्या दुकानात त्यांचा एकही फोन मिळत नाही.

"नावं जास्त असली म्हणून काय झालं, फोन सगळे सारखेच" असं कुणी म्हणेल. सारखे नाहीत. बॅटरीचंच घ्या. सॅमसंगचा एस२० अल्ट्रा २०२० साली आला तेव्हा त्यात ५,००० एमएएचची बॅटरी होती. २०२५च्या एस२५ अल्ट्रातही तेवढीच. दरम्यानच्या काळात चिनी कंपन्यांनी सिलिकॉन-कार्बन बॅटरी आणली. त्याच जाडीत जास्त वीज साठते. एप्रिल २०२५मध्ये ओप्पोचा के१३ भारतात आला, १८,००० रुपयांच्या आत, ७,००० एमएएच बॅटरी आणि ८० वॅटचं चार्जिंग. इथे जवळपास तेराशे डॉलरला आलेल्या एस२५ अल्ट्रालाही चार्जिंग ४५ वॅटच मिळतं. कॅमेऱ्याचं तेच. विवो एक्स२०० प्रो किंवा शाओमी १५ अल्ट्रा पुण्यात हातात धरून बघता येतो, फोटो काढून बघता येतो. माझ्या नवऱ्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे, त्याला असा लांबचं टिपणारा फोन हवा आहे. इथे बसून तो त्या फोनांचे फक्त व्हिडिओ बघतो.

याचं कारण म्हणून लगेच चीनचं नाव पुढे येतं. त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. जानेवारी २०१८मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात ह्वावे आणि एटी अँड टी मिळून फोन विकणार असं जाहीर होणार होतं, ऐनवेळी एटी अँड टीने अंग काढून घेतलं. मे २०१९मध्ये ह्वावे अमेरिकी सरकारच्या निर्बंध यादीत गेली. शाओमीलाही जानेवारी २०२१मध्ये संरक्षण खात्याने एका यादीत टाकलं होतं, मे महिन्यात काढलं. नेटवर्कमध्ये कुणाची यंत्रं बसवायची याची काळजी सरकारने करावीच. पण मग नथिंगचं काय? ती लंडनची कंपनी. तिचा फोन (२ए) मार्च २०२४मध्ये भारतात दुकानात आला आणि अमेरिकेत मात्र चाचणी कार्यक्रमात नाव नोंदवून घ्यावा लागला. सोनी जपानची. २०२४चा एक्सपिरिया १ मार्क ६ तिने अमेरिकेत आणलाच नाही. (भारतातून तर सोनी त्याआधीच गेली होती, ते दुःख तुमचं आमचं एकच.) एलजी कोरियाची, इथे तिसऱ्या क्रमांकाची होती, तिने एप्रिल २०२१मध्ये फोनचा धंदाच बंद केला. यातली एकही कंपनी चिनी नाही. चीनमुळे काही दारं बंद झाली हे खरं, पण बाकीची कुणी बंद केली?

माझं मत स्पष्ट आहे. इथे फोन आणि माणूस यांच्यामध्ये मोबाइल कंपनी बसली आहे, आणि ती बाजूला व्हायला तयार नाही.

भारतात राहणाऱ्यांना हे कळायला जुनी आठवण उपयोगी पडेल. २००३ साली रिलायन्सने 'मान्सून हंगामा' म्हणून ५०१ रुपयांत हँडसेट दिला होता. घराघरांत तो आला. सीडीएमए नावाच्या मोबाइल तंत्राचा जमाना. हँडसेट आणि कंपनी एकमेकांना बांधलेले. टाटा इंडिकॉमचंही तसंच. कंपनी आवडली नाही म्हणून सिम काढून दुसरं घातलं, असं करता यायचं नाही. भारतात जीएसएम, म्हणजे सिम बदलता येणारं तंत्र, जिंकलं आणि तो प्रकार मागे पडला. आज आपण फोन एकीकडून घेतो, सिम दुसरीकडून, आणि यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नाही. विशेष आहे. अमेरिकेत व्हेरायझन आणि स्प्रिंट सीडीएमएवालेच होते, आणि व्हेरायझनने आपलं सीडीएमए नेटवर्क २०२२च्या अखेरीपर्यंत चालवलं. तंत्रज्ञान गेलं, धंद्याची रीत राहिली.

ती रीत अशी. हजार डॉलरचा फोन तुम्हाला "फुकट" देतात. व्हेरायझन आणि एटी अँड टीकडे त्याचे हप्ते ३६ महिन्यांचे. दर महिन्याच्या बिलात हप्ता लावतात आणि तेवढीच सूट देतात. मधेच कंपनी सोडली की सूट बंद, उरलेली रक्कम तुमच्या डोक्यावर. शिवाय हप्त्यावरचा फोन बरेचदा सगळे पैसे फिटेपर्यंत लॉक असतो, दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. २०१४ साली इथे एक कायदा झाला, त्याने ग्राहकाला फोन अनलॉक करून घ्यायचा हक्क परत मिळाला. पण कंपनीने फोन आधीच खुला द्यावा असं त्यात कुठेही नाही. आता या रांगेत एखाद्या नव्या कंपनीने २५० डॉलरचा उत्तम फोन आणला तर तो घेणार कोण? शेजारीच आयफोन "फुकट" मिळत असतो. त्या नव्या कंपनीला आधी तीन मोबाइल कंपन्यांच्या दारात उभं राहावं लागतं, प्रत्येकीच्या वेगळ्या चाचण्या पार कराव्या लागतात, आणि दुकानात जागा द्यायची की नाही हे त्या ठरवणार. बहुतेक जण तो हिशेब करतात आणि इकडे फिरकतच नाहीत.

यावर उपाय म्हणून "भारतातून आणा की!" असं म्हणतात. तोही रस्ता आता काटेरी झाला आहे. एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२मध्ये ३जी बंद केलं आणि त्याआधी आपल्या नेटवर्कवर कोणते फोन चालतील याची यादी काढली. यादीत नाव नसेल तर फोनमध्ये व्होल्टीई, म्हणजे ४जीवरून बोलायची सोय, असूनही उपयोग नाही. दुसरी अडचण बँडची, म्हणजे नेटवर्क ज्या लहरींवर चालतं त्यांच्या पट्ट्यांची. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनांत भारतातले बँड असतात: १, ३, ५, ८, ४०, ४१. इथे लागतात २, ४, १२, १३, ६६, ७१. बँड ७१ म्हणजे ६०० मेगाहर्ट्झ, पूर्वी टीव्हीच्या वाहिन्यांसाठी वापरायचे ते. २०१७च्या लिलावात त्यातला सर्वात मोठा वाटा टी-मोबाइलने घेतला. ही लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते. गावाबाहेर आणि तळघरात तीच कामाला येते. फोनमध्ये ती नसेल तर फोन चालतो, पण नेमका गरजेला चालत नाही.

बाबा सांगलीहून आले होते तेव्हा हे सगळं घरात अनुभवलं. त्यांचा फोन चांगला होता, त्यात इथले बरेच बँडही होते. मी बघून घेतले होते. एका प्रीपेड कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकला आणि म्हणाली, हा फोन आमच्या यादीत नाही. मी विचारलं, काय कमी आहे यात? तिला ते माहीत नव्हतं, तिच्या स्क्रीनवर फक्त "नाही" होतं. शेवटी तिथलाच एक स्वस्त फोन घेतला. मला राग आला तो त्या पैशांचा नव्हे. बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नाही. त्यांच्या फोनवर अक्षर मोठं केलेलं, मराठी कीबोर्ड त्यांच्या बोटाच्या सवयीचा, नातेवाईकांचे नंबर पहिल्या पानावर फोटोंसकट. ते सगळं नव्या फोनवर शिकायचं, आणि पेन्शनच्या बँकेचा ओटीपी मात्र जुन्याच फोनवर येणार. सत्तरीच्या पुढचा माणूस दोन खिशांत दोन फोन घेऊन फिरत होता आणि कुठला वाजतोय ते त्याला कळत नव्हतं. हे तांत्रिक कारणामुळे झालेलं नाही. त्या फोनला परवानगी द्यायची गरज कुणाला वाटली नाही, म्हणून झालं.

सिमचीही तीच कथा. सप्टेंबर २०२२मध्ये आयफोन १४ आला तेव्हा अमेरिकेतल्या मॉडेलमधून सिमचा ट्रेच काढून टाकला, फक्त ईसिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं, काढता न येणारं सिम. भारतातल्या आयफोन १४ला ट्रे होता. चीन आणि हाँगकाँगमधल्या मॉडेलमध्ये दोन सिम घालता येतात. २०२५मध्ये पिक्सेल १०च्या साध्या आणि प्रो मॉडेलांनीही अमेरिकेत तेच केलं. ज्यांचं सगळं एका देशात आहे त्यांना याचा त्रास नाही. आमच्यासारख्यांचं एक सिम भारतातल्या बँकेशी, आधारशी, आईच्या गॅस बुकिंगशी जोडलेलं असतं. ते ईसिम करून घेता येतं, पण भारतात असतानाच केलेलं बरं, इथून करायला गेलात तर किती जणांची विनवणी करावी लागेल सांगता येत नाही. म्हणून दिराला सांगते, इकडून आयफोन मागवू नकोस. भारतात आयात शुल्क होतं म्हणून इकडून मागवायची पद्धत पडली. ते शुल्क जुलै २०२४मध्ये २० टक्क्यांवरून १५वर आलं, आणि आयफोन तर आता भारतातच तयार होऊन अमेरिकेला येतात.

मला सर्वात जास्त टोचतं ते हे की अमेरिकेने हा प्रश्न एकदा सोडवला होता. जुन्या काळी इथे टेलिफोनचं यंत्रही बेल या मक्तेदार टेलिफोन कंपनीचंच असायचं, ग्राहकाने भाडं भरायचं. तोंडाजवळच्या भागाला बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून एक साधी वाटी लावायची तरी कंपनीची हरकत. ते भांडण कोर्टात गेलं आणि १९५६ साली कंपनी हरली. मग टेक्सासमधल्या थॉमस कार्टरने कार्टरफोन नावाचं यंत्र केलं. तेलाच्या विहिरींवर दूर काम करणाऱ्यांना वायरलेसवरून टेलिफोनशी जोडून देणारं. कंपनीने पुन्हा विरोध केला. १९६८ साली एफसीसीने, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाने, निकाल दिला की नेटवर्कला इजा होत नसेल तर ग्राहकाला हवं ते यंत्र जोडता आलं पाहिजे. त्यानंतर आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम घराघरांत आले. मोडेम घरात आला नसता तर पुढचं काय झालं असतं याचा विचार करा.

मोबाइलला हे तत्त्व सरसकट कधी लागलंच नाही. २००७ साली इंटरनेटवरून फोन लावून देणाऱ्या स्काइपने एफसीसीकडे तशी रीतसर मागणी केली होती. २००८च्या ७०० मेगाहर्ट्झ लहरींच्या लिलावात फक्त एका पट्ट्याला "कुठलंही यंत्र चालू द्या" अशी अट घातली, त्या पट्ट्याचा बहुतेक भाग व्हेरायझनने घेतला. बाकी सगळं कंपन्यांच्या मर्जीवर.

माझ्या ऑफिसातले लोक म्हणतात, लोकांना आयफोनच हवा असतो, त्यात कुणी काय करणार? इथे आयफोनचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, हे खरं. पण आयफोनवर दुसऱ्या फोनवरून आलेला मेसेज निळ्याऐवजी हिरवा दिसतो. शाळेतल्या मुलांच्या ग्रुपमध्ये एकाचाच मेसेज हिरवा दिसतो आणि त्याला बाजूला काढतात, हे मी माझ्या मुलीच्या वर्गात पाहिलं आहे. याला आवड म्हणत नाहीत. मार्च २०२४मध्ये सरकारनेच अॅपलवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात हाही मुद्दा आहे. आणि ज्या माणसाने दहाच फोन पाहिले आहेत त्याने त्यातला एक निवडला, तर त्याला अकरावा नकोच होता असं कसं म्हणायचं?

माझी मागणी फार मोठी नाही. एफसीसीची मान्यता असलेला आणि ९११ या आणीबाणीच्या नंबरला नीट फोन लावू शकणारा कुठलाही फोन प्रत्येक कंपनीने स्वीकारलाच पाहिजे, आणि नाही म्हणायचं असेल तर लेखी कारण दिलं पाहिजे. लॉक ठरावीक दिवसांत आपोआप सुटला पाहिजे. जुलै २०२४मध्ये एफसीसीने ६० दिवसांच्या मुदतीचा प्रस्ताव मांडला होता. अशा प्रस्तावांवर कुणालाही मत नोंदवता येतं, नागरिक असण्याची अट नाही. मी नोंदवलं आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळांतल्या मंडळींनाही विनंती, गणपतीचा कार्यक्रम आपण जेवढ्या उत्साहाने आखतो त्यातली एक संध्याकाळ याला द्या.

आणि ज्यांचे आईवडील या उन्हाळ्यात येणार आहेत त्यांनी तिकिटाबरोबरच हेही करा. त्यांच्या फोनवर *#०६# दाबून आयएमईआय नंबर घ्या आणि ज्या कंपनीचं सिम घेणार तिच्या वेबसाइटवर तो आधीच टाकून बघा. बँड २, ४, १२, ६६ हवेतच, टी-मोबाइलचं नेटवर्क वापरणार असाल तर ७१, व्हेरायझनचं असेल तर १३. भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधीच चालू करून घ्या, विमानतळावर पोहोचल्यावर नको. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार आहेत.