आधी बोटाला रेषा आणा

भाऊ, काटोल-नरखेडकडे तुमची तीन-चार एकर संत्र्याची बाग असेल आणि तुम्ही अजूनही झाडाखाली उकिडवं बसून खोडाचा डिंक्या रोग शोधत असाल, तर तुमचं चुकतंय. बाग घरची बाई पाहील. तुम्ही योजना पाहा.

पहिला सातबारा काढा. त्यावर आजोबांचंच नाव असेल तर तुम्ही शेतकरी नाही, फक्त नातू आहात. वारसाचा फेरफार करायला तलाठ्याकडे जा, पण तलाठी म्हणू नका. 2024पासून ते ग्राम महसूल अधिकारी आहेत. 2025मध्ये कृषी सहायकही सहायक कृषी अधिकारी झाले. बढती राहिली ती एकट्या शेतकऱ्याची, तर त्यालाही फार्मर आयडीचा नंबर मिळाला. झालं समाधान?

पीएम किसानचे वर्षाला 6 हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे 6 हजार मिळतात. हे पैसे बाकीच्या योजनांसाठी चकरा मारायला दिलेले असावेत, असा आपला माझा अंदाज.

आता ठिबक. दोन हेक्टरच्या आतला शेतकरी असाल तर केंद्राच्या योजनेत 55 टक्के अनुदान, वरून राज्याची भर. ऐकूनच गार वाटतं. फक्त क्रम सांभाळा. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग पूर्ण खरेदी आपल्या खिशातून, मग जीएसटीचं बिल, मग वावरात येऊन तपासणी, आणि मग कधीतरी अनुदान. पूर्वसंमतीआधी नळ्या आणल्या की अपात्र. म्हणून थंडी सरता फुलणाऱ्या आंबिया बहाराच्या झाडांना नीट समजावून ठेवा, की मेसेज आल्याशिवाय तहान लागू द्यायची नाही. आणि खिशात पैसे नसतील तर? तर मग तुम्ही गरजू आहात, तुमचं काम नाही हे.

केवायसीला सेवा केंद्रावर जाताना बोटं न्या. बोटं असतात हो, रेषा लागतात. माझ्या काकांचा अंगठा यंत्रानं चारदा परत केला. केंद्रातल्या पोरानं तो दुपट्ट्यानं पुसला, केसांवर घासायला लावला, उजेडात धरून पाहिला. मग म्हणाला, "काका, रेषाच नाही राहिल्या. काय करता हो तुम्ही एवढं?"

"वावर करतो, बाप्पा."

तेव्हा अर्जाआधी महिनाभर फावडं, विळा बंद. रात्री हाताला साय चोळा.

तोवर ओटीपीची सोय आहेच. काकांच्या आधारला जोडलेला नंबर त्यांच्या पोराकडे, पोरगा पुण्याच्या कंपनीत. तिथं कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये. जेवायची सुट्टी दीडला. म्हणून काका आता बरोबर दीडला केंद्रावर हजर असतात.

दीडला केंद्र जेवायला बंद होतं.