सर्व्हर विचारतो, ‘कोणाचो रे तू?’

गावच्या घरी पडवीत लॅपटॉप मांडलाय, बाहेर आषाढ कोसळतोय, इन्व्हर्टर कण्हतोय, आणि तुम्ही एसएसएचनं (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची वाट) कुठल्यातरी दूरच्या, जुन्या युनिक्स सर्व्हरवर शिरलात. व्हीआय हा जुना एडिटर उघडायला गेलात तर तो म्हणतो, ‘एक्सटर्म-किटी’ नावाचं टर्मिनल (म्हणजे तुमची कमांड टाइप करायची खिडकी) मला ठाऊक नाही. बॅकस्पेस दाबलीत तर अक्षर पुसायचं सोडून ^एच उमटतो. अभिनंदन! दुपार सत्कारणी लागली.

सगळ्यात आधी, तो एरर वाचायचा नाही. त्यात काय बिघडलंय ते सरळ लिहिलेलं असतं, वाचलं की मजाच गेली.

प्रकार तसा घरगुती आहे. तुतारीनं कणकवलीला उतरलेला चाकरमानी गावात शिरला की देवळाच्या पायरीवरचा म्हातारा विचारतो, ‘कोणाचो रे तू?’ आजोबांचं नाव सांगितलं की काम झालं. आपला चाकरमानी मात्र मुंबईत पडलेलं नवं टोपणनाव सांगतो. एसएसएच तुमच्या टर्मिनलचं नाव टर्म या व्हेरिएबलमधून पलीकडे पोचवतो आणि तिथले प्रोग्रॅम ते टर्मइन्फोच्या वहीत शोधतात. स्क्रीन कशी पुसायची, कर्सर कसा हलवायचा, रंग किती, सगळं त्या वहीत नावापुढे नोंदलेलं. जुन्या वहीत तुमचं कालचं टर्मिनल सापडणार कसं?

काही भोळे लोक टर्मची किंमत ‘एक्सटर्म-२५६कलर’ अशी बदलतात आणि कामाला लागतात. त्याहून भोळे आपल्या मशीनवर इन्फोसीएमपी या कमांडनं आपल्या टर्मिनलची नोंद वहीतून काढतात आणि पाइपमधून पलीकडच्या टिक या, वहीत नोंद चढवणाऱ्या कमांडला पाजतात. रूटचा पासवर्ड नसला तरी ती होम डिरेक्टरीतल्या .टर्मइन्फोमध्ये जाऊन बसते, आणि त्या सर्व्हरवर पुन्हा कटकट नाही. अशा माणसांना गजालीला विषय कुठून मिळायचा?

तुम्ही बॅशआरसीत, म्हणजे शेल सुरू होताना वाचते त्या फाइलीत, टर्मपुढे ‘व्हीटी१००’ कायमचं कोरून टाका. डेक कंपनीनं १९७८ साली काढलेलं, ८० कॉलम नि २४ ओळींचं खरंखुरं टर्मिनल-यंत्र; त्याला न ओळखणारा सर्व्हर विरळा. (व्हीआय लिहिणाऱ्या बिल जॉयनं त्यासाठी टर्मकॅप, म्हणजे टर्मइन्फोच्या आधीची वही, केली तीही त्याच वर्षी. दर कंपनीचं टर्मिनल वेगळी भाषा बोलायचं, म्हणून.) रंग जातील, जाऊ देत. टीमक्सच्या (एका टर्मिनलात अनेक खिडक्या उघडणारा प्रोग्रॅम) आत टर्मचं नाव ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ असावं लागतं, तेही तुमच्या कोरीव कामाखाली गाडलं जाईल. सहा महिन्यांनी ओळी एकमेकींवर चढल्या की शिव्या द्यायला टीमक्स आहेच.

चुकून बायनरी फाइल ‘कॅट’ कमांडनं स्क्रीनवर ओतलीत आणि प्रॉम्प्टच्या जागी रेघोट्या आल्या तर लॅपटॉप बंद करा. आंधळेपणानं ‘रीसेट’ टाइप करू नका. अक्षरं दिसत नसली तरी कमांड पोचते, आणि एंटर मेला असला तर आधी कंट्रोल-जे, मग रीसेट, मग पुन्हा कंट्रोल-जे. हे कळलं तर चार माणसांत तोंड कसं दाखवाल?

बॅकस्पेसचं राहिलंच. ‘एसटीटीवाय इरेज’ ही, पुसायची कळ कोणती ते सांगणारी कमांड लिहून पुढे अवतरणचिन्हांत ^ आणि एच अशी दोन अक्षरं टाइप करायची नि एंटर मारायचा, की ती सुतासारखी सरळ. पण घाई नको. चार वाजता मोकळे झालात तर काकी आठळ्या सोलायला बसवेल.