ट्वाइनमधली गोष्ट का हरवते आणि फाटे का आवरत नाहीत

तुमचं म्हणणं असं: वाचकाच्या निवडीनुसार फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायच्या ट्वाइन या मोफत साधनातून साठेक पॅसेजेसची (म्हणजे मजकुराच्या तुकड्यांची) गोष्ट एकाएकी गायब झाली, त्याआधीच ते तुकडे जोडून दाखवणाऱ्या नकाशावर बाणांचं जंजाळ झालं होतं; तेव्हा फुकटच्या साधनांच्या नादी लागू नये. नुकसान खरं आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही.

ब्राउझरमधलं ट्वाइन तुमचं लिखाण सर्व्हरवर पाठवत नाही, त्याच ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे तुमच्याच यंत्रावर, ठेवतं. साइट डेटा साफ केला की गोष्टही गेली. म्हणून काम थांबवताना दर वेळी लायब्ररी टॅबमधलं 'आर्काइव्ह' दाबा. सगळ्या गोष्टी एका एचटीएमएल फाइलीत उतरतात आणि 'इम्पोर्ट'ने परत येतात. त्याहून बरं डेस्कटॉप अॅप, ते प्रत्येक गोष्टीची फाइल थेट तुमच्या डिस्कवर ठेवतं. आणि हो, गोष्टीची 'पब्लिश' केलेली एखादी फाइल कुणाला पाठवली असेल तर ती मागवून इम्पोर्ट करा. तिच्यात मूळ पॅसेजेस असतात, त्यामुळे निदान तोवरचं लिखाण हाती लागेल.

जंजाळाचा दोष साधनाला देता येत नाही. प्रत्येक वळणावर दोन पर्याय दिले आणि वाटा कुठेच जुळवल्या नाहीत, तर दहा वळणांत १०२४ शेवट होतात. हजारो रुपये मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही हा हिशोब बदलत नाही. दोन-तीन पॅसेजेसनंतर वाटा एकत्र आणा, निवड व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या नोंदीत, टिपा. वाचकाने चावी उचलली की नाही एवढंच नोंदवायचं. दोन्ही वाटा एकाच अंगणात येतात, आणि पुढे कुलपापाशी अट लावून 'दार उघडा' हा पर्याय फक्त चावीवाल्याला दाखवायचा. व्हेरिएबलचं नाव रोमन लिपीतच द्या, ट्वाइनच्या फॉरमॅटांपैकी (अटी लिहिण्याच्या पद्धतींपैकी) शुगरक्यूब देवनागरी नाव स्वीकारत नाही. शिवाय हार्लो हा फॉरमॅट घ्यायचा की शुगरक्यूब हे लिहायला बसण्यापूर्वीच ठरवा. मध्येच फॉरमॅट बदलला तर आधीच्या अटी आपोआप रूपांतरित होत नाहीत, एकेक हाताने लिहाव्या लागतात.

एवढं करूनही नकाशा नकोसा वाटत असेल तर इंक ही अशाच गोष्टी लिहायची भाषा वापरून पाहा. २०१६पासून ती मुक्त स्रोत आहे आणि इंकी हा तिचा एडिटरही मोफत मिळतो. तिथे बाण नाहीत, सलग मजकूर असतो. पर्यायाच्या ओळीआधी तारा (*) द्यायचा, आणि पर्यायांखाली आडव्या रेघेने (-) सुरू होणारी ओळ लिहिली की सगळे फाटे तिथे जुळतात. अडतं ते एका ठिकाणी: ताऱ्याचा पर्याय एकदा निवडला की पुन्हा दिसत नाही. वाचक त्याच खोलीत तीनदा परतला तर पर्याय संपतात आणि गोष्ट तिथेच खुंटते. अशा जागी ताऱ्याऐवजी अधिक चिन्ह द्या.